जॉन सीनासाठी सोलापूर ते हैदराबाद, आणि गेटवरचा लाल दिवा

८ सप्टेंबर २०२३, शुक्रवार. डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कुस्ती-कंपनीचा 'सुपरस्टार स्पेक्टॅकल' शो हैदराबादला, गच्चीबावलीच्या बालयोगी इनडोअर स्टेडियममध्ये. तिथला नावाजलेला पैलवान जॉन सीना येणार म्हटल्यावर आमच्यासारख्यांना घरी बसवणार कोण? पण आम्ही जागे झालो तोवर परवडणारी तिकिटं संपली होती.

चाहत्यांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाचा मेसेज आला: तीन तिकिटं, एका रांगेत, घेतलेल्या भावात. फोन केला तर चक्क मराठी. "दादा, बहिणीचा साखरपुडा नेमका त्याच दिवशी आलाय, नाहीतर मी सोडलं असतं का?" आवाजात इतकी हळहळ, की मलाच त्याची कीव आली. एकाचे ४,५०० प्रमाणे १३,५०० रुपये. त्याने आधी तिकिटांचा फोटो पाठवला, क्यूआर कोडवर काळी पट्टी मारून. "पूर्ण पैसे आले की पट्टी काढतो, हल्ली लोक फसवतात हो," हेही तोच म्हणाला! सोबत आधार कार्डाचा फोटो. ते कार्ड त्याचंच कशावरून, हे डोक्यातही आलं नाही. मावसभाऊ म्हणाला होता, अ‍ॅपवरून तिकिटं आपल्या नावावर ट्रान्सफर करून माग. मी मागितलं. "अ‍ॅप अडकतंय दादा, पीडीएफ चालते." इथेच थांबायला हवं होतं. मी यूपीआयने पैसे पाठवले आणि पट्टी नसलेली पीडीएफ लगेच आली, म्हणून उलट विश्वास वाढला.

दहीहंडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठला निघालो. नळदुर्गला चहा, उमरगा, हुमनाबाद, जहीराबादला जेवण. तीनशेच्या वर किलोमीटर. सेथ रॉलिन्स सीनाच्या जोडीला उतरणार होता, रिया रिप्लीची नतालियाशी झुंज होती. वाटेत दुसरा विषय नाही.

गेटवर मुलाने मोबाईल स्कॅन केला. लाल दिवा. पुन्हा. लाल. "ये टिकट तो अंदर जा चुका है, भैया." तिन्ही तशीच. बाजूला उभं केलं, तर तिथे आधीच करीमनगरचे दोघं फोन धरून उभे. मी त्यांची स्क्रीन माझ्या स्क्रीनशेजारी धरली: तीच रांग, तेच सीट, तोच बुकिंग नंबर. तिकीट बनावट नव्हतंच. खरं तिकीट एकच, ते विकलं किती जणांना कोण जाणे. जो आधी पोचला, त्याचा कोड चालला. विकणाऱ्याचा फोन तोवर बंद.

आतून गर्दीचा आवाज उसळला की पोटात कालवायचं. मावसभाऊ सीनाचं ठरलेलं वाक्य म्हणाला, "यू कान्ट सी मी." (मी तुला दिसणारच नाही.) कोणी हसलं नाही.

खरा धोका तर परतीच्या वाटेवर होता. मी रागाने ग्रुपवर सगळं लिहिलं, बुकिंग नंबरसकट. तासाभरात फोन: "टिकट कंपनीच्या कस्टमर केअरमधून बोलतोय, रिफंड पाठवतो." यूपीआयवर पैशांची रिक्वेस्ट आली, 'पिन टाका म्हणजे जमा होतील'. अंगठा पिनवर होता. मित्राने फोनच हिसकावला. पैसे घेताना पिन लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण पैसे गेलेल्या माणसाला त्या क्षणी काही आठवत नाही.

तिथूनच १९३० ला फोन लावला. ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. यूटीआर नंबर (त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक), तारीख, वेळ, समोरच्याचा यूपीआय आयडी एवढं हाताशी ठेवा, तेच विचारतात. तक्रार झाली की त्या खात्यात उरलेली रक्कम गोठवता येते, म्हणून उशीर करायचा नसतो. आम्ही पैसे दिल्याला चार दिवस झाले होते. खात्यात २,३०० रुपये सापडले. ते अजून गोठलेलेच आहेत.

अप्पा तालमीत वाढलेले. टीव्हीवर हे लागलं की "खोटी कुस्ती" म्हणून उठून जायचे. पहाटे दार उघडताना सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "कुस्ती खोटी ते खोटी, तिकीट तरी खरं घ्यायचं की रे."

२०२५ च्या जानेवारीत नवी मुंबईला कोल्डप्ले होतं. त्याच्या आधी एका मित्राने मला स्क्रीनशॉट पाठवला, "हा माणूस बरा वाटतो का?" नंबर वेगळा होता. कोडवर काळी पट्टी, आणि खाली मजकूर: बहिणीचा साखरपुडा त्याच दिवशी आलाय.