घरच्या घरी गाडी रंगवायची तर एनसी, टू-के की बेस-लॅकर?

चुलतभाऊ दोन महिन्यांपासून मागे लागलाय, दादा जुनी मारुती एट-हंड्रेड आहे पांढरी, बॉनेट आणि छप्पर उन्हाने पार खडूसारखं झालंय, हात फिरवला तर तळवा पांढरा होतो, घरीच मारतो पण रंग कोणता घेऊ सांग. फोनवर तुकड्या-तुकड्यात सांगत होतो तेच इथे लिहितो, कारण आपल्या जळगाव-धुळ्याकडे ऊन आणि धूळ अशी राहते की दुसरीकडचं ऐकून आणलेलं सामान इथे वेगळंच वागतं.

सिंथेटिक इनॅमल आधीच बाजूला काढा, तो गेटला ठीक. सुकायला रात्र लागते आणि तेवढ्यात अंगणातली धूळ त्यावर बसून घेते. राहिले तीन.

एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज, जुने मिस्त्री ज्याला ड्यूको म्हणतात तो. थिनर उडालं की हा सुकला, बाकी आत काही होत नाही, १०-१५ मिनिटांत बोट लावलं तर चिकटत नाही त्यामुळे धूळ कमी धरतो. ओघळ आला तर सुकू द्या, वॉटर पेपरने घासा, परत मारा. शिकणाऱ्याच्या हाताला एवढं सांभाळून घेणारा दुसरा रंग नाही, हे मी मनापासून सांगतो. पण थर पातळ बसतो, ५-६ हात मारावे लागतात, आणि चमक स्प्रे गनमधून येत नाही, १५०० मग २००० चा पेपर आणि वर कंपाउंड घासून काढावी लागते, दोन दिवस दंड भरून येतात. आणि जे थिनर उडालं तेच परत लागलं की हा विरघळतो, पेट्रोलही सोसत नाही. माझ्या पहिल्या गाडीला टाकीच्या झाकणाखाली पेट्रोलचा ओघळ आला होता, लगेच पुसला तरी बोटभर रुंदीची मळकट रेघ राहिली ती राहिलीच. पावसाळ्यात मारला तर थिनर उडताना पत्रा गार पडतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि रंगावर दुधी झाक येते, मे महिन्यात उलटं, थेंब पत्र्यावर पोचायच्या आतच सुकतो आणि हाताला खरखरीत लागतं.

टू-के म्हणजे दोन घटकांचा रंग, त्यात रंगात हार्डनर मिसळायचा, डब्यावर लिहिलंय त्याच मापाने, कुठे २ ला १ कुठे ४ ला १, अंदाजपंचे नाही. मग तो रसायनाने घट्ट होतो, दोन-तीन हातांत भरतो, चमक सरळ गनमधून, पेट्रोलला दाद देत नाही, उन्हातही एनसीपेक्षा कितीतरी जास्त टिकतो. मिसळलेलं उरलं ते उद्या वापरता येत नाही, आपल्या उन्हात तर दुपारपर्यंतच भांड्यात जड होतं, म्हणून स्लो हार्डनर मागा आणि एका वेळी एका पॅनलपुरतंच कालवा. अर्धा तास ओला राहतो, त्यात आसपास कापूस वेचणी चालू असेल तर एखादा तंतू येऊन बसतोच, तो तेव्हा काढायला जाऊ नका, दुसऱ्या दिवशी घासून काढा.

आता खरा मुद्दा. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने दमा लागतो, आणि एकदा शरीराने ते धरलं की पुढे जरासं लागलं तरी श्वास अडकतो. वास येत नाही म्हणजे हवेत नाही असं समजू नका. कपाशीवर फवारताना बांधतो तो रुमाल इथे काही कामाचा नाही, साधा धुळीचा मास्कही नाही, नळीने बाहेरची स्वच्छ हवा देणारा मास्क लागतो, शिवाय हातमोजे, चष्मा, अंगभर कपडे. घराला लागून शेड असेल, पोरं अंगणात खेळत असतील तर टू-के घरी मारूच नका. (एनसीही निरुपद्रवी नाही, तो भडकतो, जवळ चूल-दिवा काही नको, आणि थिनरची वाफ अडवणारा मास्क त्यालाही लागतोच.)

बेस-लॅकर म्हणजे आधी रंग, वर पारदर्शक लॅकर. सिल्व्हर-बिल्व्हर मेटॅलिक गाडीला याच्याशिवाय इलाज नाही, पण त्यातला धातूचा चुरा गन जरा जवळ-लांब झाली की ढगाढगाने बसतो, दार आणि फेंडर शेजारी-शेजारी वेगळे दिसतात, आणि वरचं लॅकर बहुतेक टू-केच असतं म्हणजे श्वासाचा प्रश्न तोच. साध्या पांढऱ्याला एवढा उपद्व्याप कशाला?

भावाला मी सांगितलं ते असं, घासणं, लांबी (पुट्टी) भरणं, प्रायमर, मास्किंग सगळं तू घरी कर, मेहनत आणि पैसा तिथेच जातो, आणि शेवटचा टू-के स्प्रे-बूथ असलेल्या गॅरेजवाल्याकडून मारून घे. सगळंच स्वतःच्या हाताने करायचं असेल तर एनसी घे आणि दोन-तीन वर्षांनी परत घासायची तयारी ठेव. दोन्हीला दिवाळीनंतरची सकाळ चांगली, दव उतरल्यावर आणि वारा सुटायच्या आत.

कोणताही घ्या, आधी वरची खडूसारखी भुकटी धुऊन काढा, मग थिनरमध्ये भिजवलेलं फडकं (पांढऱ्या गाडीला गडद रंगाचं) जुन्या रंगावर घासा. गाडीचा रंग फडक्यावर उतरला तर खाली एनसी आहे, त्यावर टू-के मारला तर गरम दुधावरची साय सरकवावी तसा सगळा सुरकुततो. फडकं प्रत्येक पॅनलवर घासा, एकावर बघून सोडू नका. भावाने काल बॉनेट, छप्पर, डिकी सगळीकडे घासलं, फडकं कोरंच, डाव्या दारावर मात्र पांढरं उतरलं, म्हणजे ते दार आधी कुणीतरी एनसीने मारलेलं. आज सकाळपासून तो तेवढं दार पत्र्यापर्यंत घासत बसलाय.