मिसळीला वाटी कोणती: उसाच्या चिपाडाची की पीएलएची?

पंचवटीत मिसळीचा गाडा लावणारी माझी मावसबहीण दोन वाट्या घेऊन आली. "ताई, कोणती घेऊ?"

दोन्हींचं मूळ साखरेतच. चिपाडातलं सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजची लांबच लांब साखळी. पीएलए म्हणजे साखर आंबवून मिळवलेल्या लॅक्टिक आम्लाचं प्लास्टिक.

आम्ही दोन्हींत उकळता रस्सा ओतला. साधं पीएलए ६० अंशांच्या आसपासच मऊ पडतं. काठ आत वळला आणि तर्री ओट्यावर सांडली. चिपाडाची वाटी ताठ राहिली. अर्ध्या तासाने बूड जरासं दमटलं, पण गाड्यावर मिसळ इतका वेळ उरते कुठे!

भावातही चिपाडाचीच वाटी हलकी पडली.

खरा प्रश्न उष्ट्या वाट्यांचा. चिपाडाची वाटी फाडून खतखड्ड्यात टाकली की काही महिन्यांत कुजते. पीएलएला साधारण ६० अंश उष्णता टिकवणारा खतप्रकल्प लागतो; गोदावरीत गेलं तर ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. पाकिटावरच्या हिरव्या पानाला भुलू नकोस, बाई.

गरम मिसळीला आणि पार्सलला चिपाडाचीच वाटी घे. थंड ताक-सरबताला पीएलएचा पारदर्शक ग्लास छान, पण वापरलेले ग्लास गोळा होऊन प्रकल्पापर्यंत पोचणार असतील तरच. घाटाजवळच्या गाड्यावर तर नकोच.