३००बी व्हॉल्व्ह की क्लास-डी?
३००बी हा व्हॉल्व्ह, म्हणजे आवाजाचा सिग्नल वाढवणारी काचेची निर्वात नळी. तिचा सिंगल-एंडेड (एकाच नळीवर पूर्ण लहर वाढवणारा) अँप्लिफायर जेमतेम ८ वॅट देतो. पण त्यावर तंबोऱ्याची जवारी अशी खुलते की जागेवरून उठवत नाही. यात सेकंड हार्मोनिकचा, म्हणजे अँप्लिफायरने स्वतःहून मिसळलेल्या दुप्पट कंप्रतेच्या सुराचा हात असतो, म्हणजे कानाला गोड लागणारी चूकच ती! मात्र स्पीकर ९५ डेसिबलच्या आसपास संवेदनशील, म्हणजे थोड्या वॅटमध्येही मोठा वाजणारा हवा. ८६ डेसिबलच्या छोट्या बुकशेल्फ स्पीकरवर जरा आवाज वाढवला की अँप्लिफायरला दम लागतो. वर खोली तापते, व्हॉल्व्ह झिजतात, बदलायचे तर खिसा हलका.

क्लास-डी या दुसऱ्या प्रकारच्या अँप्लिफायरमध्ये ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतात, त्यामुळे सुमारे ९० टक्के वीज स्पीकरपर्यंत पोचते. जेवणाच्या डब्याएवढ्या पेटीतून १०० वॅट, आणि हात लावला तर कोमट. ('डी' म्हणजे डिजिटल नव्हे, बरं का.) आवाज स्वच्छ, माझ्या कानाला किंचित कोरडा. तरी साध्या स्पीकरवर मी हाच घेईन.