‘डेटा उडला ना भाऊ, रिकव्हरी करा लागन’

यवतमाळकडच्या एका खेड्यात ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या केंद्राचा कॉम्प्युटर नवी विंडोज टाकायला तालुक्याच्या दुकानात गेला. हार्ड डिस्क १ टीबीची, म्हणजे विंडोजच्या हिशेबानं ९३१ जीबी. त्यातली सी ड्राइव्ह १५० जीबीची, बाकी डी. डीत गावाचे सातबारे आणि पीकविम्याच्या पावत्या, जवळपास ४०० जीबी. परत आणायला गेल्यावर डी गायब. ‘डेटा उडला ना भाऊ, रिकव्हरी करा लागन. तीन हजार लागतीन.’ पैसे दिले, अर्ध्या तासात सगळं हजर.

पाणी मुरतं ते या अर्ध्या तासात. एवढा डेटा नुसता वाचायलाच हार्ड डिस्कला साधारण तासभर लागतो, शिवाय उतरवून घ्यायला दुसरी डिस्क हवी. रिकव्हरीतून आलेल्या बऱ्याच फायलींची नावंही जातात, नुसते आकडे उरतात. इथं फोल्डर, नावं, तारखा जिथल्या तिथं. ड्राइव्हचं फक्त ‘डी’ हे अक्षर काढून ठेवलं होतं, म्हणून ती दिसत नव्हती; मिनिटाचं काम, डेटाला धक्काही नाही.

म्हणून खिशात हात घालण्याआधी दुकानातच स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडायला लावा, तिथं डिस्कचे सगळे भाग, म्हणजे पार्टिशन, दिसतात. मोठा भाग एनटीएफएस (विंडोजची नेहमीची फाइल मांडणी) म्हणून दिसतोय पण अक्षर नाही, तर राइट क्लिक, ‘चेंज ड्राइव्ह लेटर’, ‘अ‍ॅड’. झालं. ‘रॉ’ (म्हणजे विंडोजला मांडणी ओळखता येत नाही) दिसलं आणि विंडोज फॉरमॅट विचारू लागली, तर नाही म्हणा. ‘अनअलोकेटेड’, म्हणजे कुणाच्या नावावर नसलेली जागा, दिसली तर पार्टिशन खरंच पुसलंय. त्या जागी नवं करू देऊ नका, टेस्टडिस्कसारखं फुकटचं सॉफ्टवेअर हरवलेलं पार्टिशन अनेकदा शोधून देतं. एसएसडीवर मात्र ट्रिममुळे (पुसलेली जागा डिस्क स्वतःच रिकामी करते) ही आशा फार कमी. ड्राइव्हच्या आयकॉनवर कुलपाचं चिन्ह असेल तर ते बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डेटा कुलूपबंद करणारं साधन; त्याची ४८ आकडी किल्ली लागते.

विंडोज टाकताना समोर बसता आलं तर उत्तम. विंडोज कुठं टाकायची ते विचारणाऱ्या यादीत सी-डी अशी अक्षरं दिसत नाहीत, भाग आकारावरून ओळखायचा. फॉरमॅट फक्त १५० वाल्याला. ‘डिस्क एमबीआर आहे, सगळं डिलीट करा लागते’ हे ऐकून मान डोलावू नका. एमबीआर ही डिस्कच्या भागांची नोंद ठेवायची जुनी पद्धत, जीपीटी नवी. विंडोज १० पासून एमबीआरटूजीपीटी हे साधन सोबतच येतं, बहुतेकदा पार्टिशन न पुसता बदल होतो.

आणि डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स हे सहसा सीमध्येच असतात. सी फॉरमॅट झाली की तिथले सातबारे गेले. त्यात दुकानदाराचा दोष नाही, ते आधी पेनड्राइव्हवर घ्यायचे होते.