पणजीतली परदेशी कॉन्ट्रॅक्टवाली कन्सल्टन्सी: २ स्टार, तेपण सीव्हीचे

नाव घालत नाही, शोधणाऱ्यांना कळेल. मी डिचोलीचा, जावा बॅकएंड, ९ वर्षं झाली, सध्या पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतो. 'युरोपात आयटी कॉन्ट्रॅक्ट, ३ महिन्यांत' अशी जाहिरात बघितली आणि कदंब बस पकडून गेलो.

चांगलं ते आधी. सीव्ही बघणारी जी मुलगी आहे तिने माझी सहा पानं दोनवर आणली, फोटो, जन्मतारीख, वडलांचं नाव सगळं उडवलं आणि प्रत्येक प्रोजेक्टमध्ये मी स्वतः काय केलं तेवढंच ठेवलं. नंतर खरंच दोन डच रिक्रूटरांचे फोन आले. दोघांचा पहिला प्रश्न एकच, ईयू पासपोर्ट आहे का? आता गोव्यात हे काय नवीन नाही, आमच्या वाड्यावरचा एकजण पोर्तुगीज पासपोर्टवर तिकडे आरामात दिवसाच्या रेटवर कॉन्ट्रॅक्ट करतो. आमचे आजोबापण पोर्तुगीज काळातलेच, पण त्या पासपोर्टसाठी लागणारी त्यांच्या जन्माची नोंद सापडेल तर शपथ!

भारतीय पासपोर्टवाल्याचं सगळं अडतं ते कागदावर तुमचा मालक कोण यावर. नेदरलँड्सला स्किल्ड व्हिसावर जायचं तर पगार देणारी कंपनी आयएनडीच्या (तिथलं इमिग्रेशन खातं) मान्यताप्राप्त स्पॉन्सर यादीत पाहिजे, युकेचंपण तसंच, आणि दोन्ही याद्या सरकारी साइटवर फुकट बघता येतात. हे यांनी सांगितलंच नाही. एक 'ऑफर' पाठवली, मी रात्री जेवून यादीत शोधलं, कंपनीचं नावच नाही. विचारलं तर म्हणे, सर, प्रोसेसमध्ये आहे.

मग जर्मनीचं चान्सेनकार्ट 'कॉन्ट्रॅक्ट व्हिसा' म्हणून गळ्यात मारायला लागले. अरे बाबा, २०२४ च्या जूनमध्ये सुरू झालेलं ते कार्ड तिकडे जाऊन नोकरी शोधण्यासाठी आहे, त्यावर आठवड्याला २० तासच काम करता येतं, आणि ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे तिकडच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवलेलं खातं, दाखवायचं तर २०२५ च्या हिशोबाने महिन्याला १,०९१ युरो, म्हणजे वर्षाचे १३ हजारांच्या वर. ते कोण भरणार, तुमचे सर?

फी मागितली ८५,०००. परदेशात नोकरी लावणाऱ्या एजंटला परराष्ट्र मंत्रालयाचं रजिस्ट्रेशन लागतं आणि उमेदवाराकडून ३०,००० अधिक जीएसटी याच्यावर घेता येत नाही, नंबर ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतो. मी नंबर मागितला तर उत्तर काय, आम्ही एजंट नाही, गाइडन्स देतो. नोकरीच्या जाहिरातीत हे कुठे लिहिलं नव्हतं ते!

टोकनचे ५,००० परत मागतोय त्याला तिसरा महिना चालू आहे, फोन केला की सर मिटिंगमध्ये. सीव्ही बनवला त्याचे धरा हवं तर, पण निदान पावती तरी द्या.