हळू चालवून बघा, मगच घ्या: फुटाळा ते सेमिनरी हिल्स, हब-मोटरच्या ई-सायकलचा रिव्ह्यू

दुकानात ई-सायकल दाखवताना आधी थ्रॉटल पिळून दाखवतात. सायकल झपकन सुटते आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण नागपुरात ही सायकल सगळ्यात जास्त फिरते ती फुटाळा, अंबाझरी, सिव्हिल लाइन्स आणि सेमिनरी हिल्सला. सकाळी साडेपाच ते साडेसातपर्यंत तिथं पायी फिरणाऱ्यांची गर्दी असते. त्यामुळे ती किती जोरात पळते याला इथं फार अर्थ नाही. ताशी 8-10 किलोमीटरला ती किती शहाण्यासारखी वागते, यावर तिची किंमत ठरते.

हा रिव्ह्यू 30 ते 40 हजारांतल्या सायकलींचा आहे. मागच्या चाकाच्या मधोमध, म्हणजे हबमध्ये, बसलेली 250 वॉटची आतून दातेरी चाकांची (गिअरवाली) हब-मोटर, 36 व्होल्टची बॅटरी, केबलवर चालणारे डिस्क ब्रेक, सात गिअर आणि 20 ते 25 किलो वजन. कंपनी कुठलीही असो, आतली मांडणी बहुतेक हीच.

आधी जे चांगलं आहे ते. फुटाळ्याकडून वायुसेनानगरमार्गे सेमिनरी हिल्सला वर चढणं साध्या सायकलवर दम काढणारं असतं. इथं मोटरच्या मदतीच्या दुसऱ्या-तिसऱ्या लेव्हलवर पायडल मारत बोलत बोलत वर जाता येतं. गुडघे कुरकुरणाऱ्यांसाठी आणि साठीच्या पुढच्यांसाठी ही सोय मोठी आहे. आमच्या मते या सायकलीचं खरं गिऱ्हाईक तेच आहे. बॅटरी संपली तरी अडकून पडायला होत नाही, कारण गिअरवाल्या हबच्या आत फ्रीव्हील असतं. मोटर बंद असताना ती चाकाला ओढत नाही, फक्त वजन जाणवतं.

चढावर एक पथ्य मात्र पाळा. उभ्या जागेवरून नुसत्या थ्रॉटलवर वर चढू नका. हबच्या आतली दातेरी चाकं बहुधा नायलॉनची असतात. थांबलेल्या सायकलीचा आणि माणसाचा सगळा भार एकदम त्यांच्यावर आला की दाते झिजतात, मग खरखर सुरू होते. आधी हलक्या गिअरमध्ये दोन पायडल मारा आणि मग मदत घ्या.

आता खटकणारी गोष्ट, आणि ती गर्दीतच कळते. या सायकलींत पायडलपाशी एक चुंबकांची चकती आणि शेजारी सेन्सर असतो. पायडल फिरतंय एवढंच त्याला कळतं, तुम्ही किती जोर लावताय ते कळत नाही. म्हणून पाय हलका ठेवला तरी अर्धा फेरा झाला की मोटर ठरलेला धक्का देते, आणि पाय थांबवल्यावर क्षणभर ढकलत राहते. मोकळ्या रस्त्यावर हे लक्षातही येत नाही. समोर तिघी जणी एका ओळीत चालत असतील तर हाच क्षण महागात पडतो. पायाचा जोर मोजणारा टॉर्क सेन्सर असलेली सायकल महाग पडते, पण रोज फिरणाऱ्यांच्या रस्त्यावरच चालवायची असेल तर जास्तीचा पैसा मोठ्या बॅटरीपेक्षा तिथं घालावा.

म्हणून दुकानाबाहेर ही चाचणी कराच. लेव्हल एक लावा, चालण्याच्या वेगात जा आणि पायडल थांबवा. ढकलणं अर्ध्या सेकंदात सुटलं पाहिजे. नंतर मागचं चाक उचलून धरा, थ्रॉटल हलकं द्या आणि ब्रेकचा लिव्हर नुसता टेकवा. पॅड डिस्कला लागायच्या आधी मोटर बंद झाली पाहिजे. हा कट-ऑफ चालत नसेल तर सायकल घेऊ नका. धक्का फार वाटला तर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ‘स्लो स्टार्ट’ आहे का विचारा. अनेक मॉडेलांत असतो आणि दुकानदार तो दोन मिनिटांत बदलून देतो.

कट-ऑफचा उलटा बिघाडही होतो. ब्रेकची केबल सैल पडली किंवा लिव्हरच्या सांध्यात धूळ बसली की लिव्हर पूर्ण मागे येत नाही. सायकलीला वाटतं ब्रेक दाबलेलाच आहे, आणि मोटर सुरूच होत नाही. लोक थेट कंट्रोलर, म्हणजे मोटरला वीज सोडणारा डबा, गेला समजतात. आधी लिव्हर बोटाने बाहेर ढकलून बघा, बऱ्याच वेळा तिथंच काम होतं.

वेगाचा हिशेब साधा आहे. ताशी 25 किलोमीटरला सायकल सेकंदाला जवळपास 7 मीटर जाते, 12 ला साडेतीन मीटरच्या आत. वेग दुप्पट झाला की ब्रेक मारल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं, आणि सायकल पंचवीस किलोची. गर्दीत मदत शून्यावर ठेवा, नाहीतर लेव्हल एक. ओलांडताना उजवीकडून, हातभर नव्हे, चांगलं दीड मीटर अंतर ठेवून. ही सायकल आवाज करत नाही, हीच फिरणाऱ्यांची खरी तक्रार आहे. आठ-दहा मीटर आधी एकदा घंटी आणि शांत आवाजात “काकाजी, उजवीकडून येतोय” एवढं पुरतं. अगदी पाठीशी येऊन घंटी वाजवली तर माणूस दचकून नेमका तुमच्याच बाजूला वळतो. पुढचा दिवा थोडा खाली झुकवा, पहाटेच्या अंधारात तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

कायद्याने 250 वॉटपेक्षा कमी ताकदीची आणि 25 किलोमीटरला मदत थांबवणारी, चाचणी संस्थेची मंजुरी असलेली सायकल मोटार वाहन ठरत नाही. नोंदणी नको, लायसन्स नको. पण बागेच्या किंवा जैवविविधता उद्यानाच्या आत सायकल नेऊ द्यायची की नाही, हे तिथलं व्यवस्थापन ठरवतं. गेटवरच्या माणसाशी कायद्यावरून हुज्जत घालू नये.

ब्रेकबद्दल दुकानात कुणी सांगत नाही ती गोष्ट. या डिस्क ब्रेकमध्ये बहुधा एकच पॅड हलतो, दुसरा जागेवर असतो. पॅड झिजल्यावर नुसती केबल ताणत गेलात तर हलणारा पॅड डिस्कला वाकवून पलीकडे दाबतो. आतल्या बाजूचा स्थिर पॅड ॲलन कीने डिस्कजवळ आणा, मग केबल लावा.

रेंजचं गणित स्वतः करा. 36 व्होल्ट आणि 7.8 अँपिअर-तास म्हणजे सुमारे 280 वॉट-तास. पायडल मारत चालवली तर किलोमीटरला 8 ते 10 वॉट-तास लागतात, म्हणजे 28 ते 35 किलोमीटर. नुसत्या थ्रॉटलवर 20 च्या आसपास.

मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो तेव्हा बॅटरीला जपा. लिथियम बॅटरी त्या तापमानाला चार्ज करू नये, बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट, म्हणजे बीएमएस, चांगला असेल तर तो चार्जिंग नाकारतोही. फिरून आल्यावर अर्धा-पाऊण तास थंड होऊ द्या आणि रात्री घरात चार्ज करा. टिनाच्या शेडखाली दुपारभर सायकल ठेवायची असेल तर बॅटरी काढून घरात न्या. 2 अँपिअरच्या चार्जरला चार-साडेचार तास लागतात.

पावसाळ्यात काळी माती टायर आणि मडगार्डच्या मध्ये अशी भरते की चाक फिरत नाही, आणि चुंबकांच्या चकतीवर बसली की मदत झटके देत येते. ओल्या फडक्याने पुसा. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरखाली ही सायकल धरू नका, मोटरची वायर जिथून ॲक्सलमध्ये शिरते तिथून पाणी आत जातं.

शेवटी पंक्चर. गोरेवाड्याकडे आणि तलावाच्या काठाने बाभळीचे काटे पडलेले असतात. मागचं चाक साध्या सायकलीसारखं चटकन निघत नाही. आधी चेनजवळचा वायरचा प्लग सरळ ओढून काढा, पिळू नका. बहुधा 18 चा पान्हा लागतो. वायसरचा दात फ्रेमच्या खाचेत बसलेला असतो, तो परत तसाच बसवा, नाहीतर जोरात ॲक्सल फिरून वायर तुटते. प्लग लावताना त्याच्या दोन्ही टोकांवरचे बाण समोरासमोर आणा. एकाच काट्याचं पंक्चर असेल तर चाक न काढताच टायरची एक बाजू उतरवून ट्यूब बाहेर ओढा आणि ठिगळ लावा. टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधायला विसरू नका. आणि पहिल्या दीडशे-दोनशे किलोमीटरनंतर मागचे स्पोक तपासून घ्या. हबवाल्या चाकाचे स्पोक आखूड असतात आणि सुरुवातीला सैल पडतात. ही तपासणी फुकट करून द्यायला जो दुकानदार तयार असेल, त्याच्याकडूनच सायकल घ्या.