तयार डेक, स्वतः लिहिलेली कार्डं की एआयने काढलेली? एमबीबीएसच्या उजळणीचा हिशेब

इंटर्नशिपमध्ये सेकंड इयरची मुलं-मुली भेटली की एक प्रश्न हमखास येतो: अँकी (प्रश्नोत्तरांची कार्डं ठरावीक दिवसांनी पुन्हा विचारणारं ॲप) लावायचं ठरवलंय, पण कार्डं आणायची कुठून? मार्ग तीन आहेत. इंटरनेटवरचा तयार अमेरिकन डेक, म्हणजे कार्डांचा गठ्ठा, उतरवून घ्यायचा, कार्डं स्वतः लिहायची, किंवा लेक्चरची पीपीटी एआयला देऊन पाच मिनिटांत ढीगभर कार्डं काढून घ्यायची. तिन्ही मी वापरलेत, वेगवेगळ्या वर्षी आणि वेगवेगळ्या विषयांना. माझं मत आधीच सांगते: तिन्हींची जागा वेगळी आहे, आणि ती जागा चुकली की मेहनत वाया जाते.

स्वतःला पुन्हा पुन्हा प्रश्न विचारण्याच्या या पद्धतीबद्दलच शंका असेल तर ती आधी मिटवू. २००८ साली कार्पिक आणि रोएडिगर यांनी 'सायन्स'मध्ये एक प्रयोग मांडला. विद्यार्थ्यांना स्वाहिली शब्दांचे अर्थ पाठ करायला दिले होते. शब्द एकदा बरोबर आल्यावरही ज्यांना तो पुन्हा पुन्हा विचारला गेला, त्यांना आठवड्याने सुमारे ८० टक्के शब्द आठवले. ज्यांना विचारणं थांबवलं त्यांना ३५ टक्क्यांच्या आसपास, मग त्यांनी तो शब्द कितीही वेळा वाचलेला असो. रीडिंग रूममध्ये तोच परिच्छेद तिसऱ्यांदा पिवळ्या हायलायटरने रंगवणं हे या दुसऱ्या गटातलं काम आहे.

उजळणीची तारीख ठरवण्याचं काम आता यंत्राकडे आहे. उत्तर बरोबर आलं की कार्ड लांबच्या तारखेला जातं, चुकलं की जवळ येतं. लाइटनर यांनी १९७२ मध्ये हेच खोक्यांच्या कप्प्यांत कागदी कार्डं ठेवून केलं. २००६ पासून अँकी ते संगणकावर करतं. २०२३ पासून त्यात एफएसआरएस हा नवा हिशेबही आहे. तुम्ही कुठे चुकता, किती दिवसांनी विसरता, यावरून तो तुमच्यापुरत्या तारखा काढतो. डेकच्या सेटिंगमध्ये जाऊन तो चालू करा. एवढं लक्षात ठेवा, की उत्तर आठवलं नसेल तर 'अगेन'च दाबायचं. मन दुखतं म्हणून 'हार्ड' दाबलं तर यंत्राला वाटतं तुम्हाला आठवलं होतं, आणि पुढच्या सगळ्या तारखा बिघडतात.

म्हणजे 'कधी' हा प्रश्न सुटलेला आहे. उरतो 'काय'. तिन्ही मार्गांत फरक पडतो तो इथे.

क्षयरोगाचा धडा तीन डेकमध्ये

तुलना हवेत नको म्हणून एकच धडा घेते: क्षयरोगाची औषधं. फार्मा (औषधशास्त्र), मेडिसिन, पीएसएम (सामाजिक आरोग्याचा विषय), तिन्हीकडे विचारतात आणि वॉर्डात रोज लागतात.

तयार डेकमध्ये अँकिंग सगळ्यात नावाजलेला. यूएसएमएलई या अमेरिकन डॉक्टरकीच्या परवाना परीक्षेच्या स्टेप १ आणि २ साठीचा, तीस हजारांहून जास्त कार्डांचा. प्रत्येक कार्डावर ते कुठल्या पुस्तकातल्या, कुठल्या व्हिडिओतल्या भागाचं आहे याची टॅग. कार्डांची घडण उत्तम आहे. एका कार्डात एकच गोष्ट, प्रश्न नेमका, आणि हजारो विद्यार्थ्यांच्या नजरेखालून गेल्यामुळे चुका कमी. आयसोनियाझिडने मुंग्या का येतात, सोबत पायरिडॉक्सिन (बी-६ जीवनसत्त्व) का द्यायचं, इथॅम्ब्युटॉलने लाल-हिरवा रंग ओळखणं का बिघडतं, हे मी तिथूनच पक्कं केलं. पण उपचाराच्या वेळापत्रकाशी आलं की वाट वेगळी होते. अमेरिकेत पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने दोन: आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात पुढचे चार महिने तीन, कारण आयसोनियाझिडला दाद न देणारे जंतू आपल्याकडे जास्त, म्हणून इथॅम्ब्युटॉल शेवटपर्यंत चालू राहतं. अमेरिकन उत्तर अमेरिकेत बरोबर आहे. आपल्या पेपरात आणि आपल्या रुग्णासाठी ते चूक.

असंच लसीकरणाचं. पेंटाव्हॅलंट आपल्याकडे ६, १० आणि १४ आठवड्यांना. तिकडची बाळं घटसर्प-धनुर्वाताच्या लशीला दोन, चार, सहा महिन्यांना जातात. आणि विंचू! अमेरिकन पुस्तकांत तो येतो स्वादुपिंडाच्या दाहाच्या कारणांच्या यादीत, लक्षात ठेवायच्या एका अक्षरापुरता. कोकणात मात्र लाल विंचू चावलेलं मूल घामाने निथळत, फुप्फुसात पाणी भरलेल्या अवस्थेत येतं, आणि महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून अशा रुग्णांचे मृत्यू कसे कमी केले हे महाराष्ट्रातल्या डॉक्टरला माहीत नसून कसं चालेल? ते कार्ड तुम्हालाच लिहावं लागणार.

माझी हाताने लिहिलेली कार्डं होती चौदा. दीड तास लागला. काही प्रश्न बोजड झाले, दोन नंतर पुन्हा लिहिले. पण त्यात एक कार्ड होतं: 'लघवी लाल-केशरी होईल हे रुग्णाला पहिल्याच दिवशी का सांगायचं?' उत्तर: नाहीतर रक्त जातंय या भीतीने तो गोळ्या बंद करतो. हे पुस्तकात ठळक अक्षरात नव्हतं. ओपीडीत मॅडमनी एका आजींना समजावताना मी ऐकलं आणि संध्याकाळी कार्ड केलं. तयार डेकला किंवा एआयला ती ओपीडी माहीतच नाही.

तीच पीपीटी एआयला दिली तेव्हा काही मिनिटांत साठ-एक कार्डं आली. भाषा स्वच्छ. कामाची निघाली ती तिसरा हिस्सा. बाकीच्यांत एकच माहिती तीन तऱ्हांनी विचारलेली, किंवा एकाच कार्डात पाच दुष्परिणाम कोंबलेले. आणि एक सरळ चुकीचं. स्लाइडवर पुढच्या टप्प्यासमोर फक्त '४ महिने' लिहिलं होतं, औषधं सरांनी तोंडी सांगितली होती. एआयने ती रिकामी जागा स्वतः भरली, अमेरिकन पद्धतीने, दोन औषधं लिहून. बाकीची कार्डं ज्या ठाम सुरात होती त्याच सुरात हेही होतं. ते लेक्चर मी बुडवलं असतं तर चूक मला दिसलीच नसती, आणि अँकीने ती इमानेइतबारे महिनोन्महिने माझ्या डोक्यात पक्की केली असती. पुस्तकातली चूक एकदा वाचली जाते. कार्डातली चूक पाठ होते.

वेळ नक्की कुठे जातो

एआयच्या बाजूने सगळे एकच सांगतात: वेळ वाचतो. कार्ड बनवायचा वेळ वाचतो हे खरं. पण कार्डाची खरी किंमत बनवण्यात नसते, पुढच्या उजळणीत असते. रोज वीस नवीन कार्डं घेतलीत तर काही आठवड्यांत रोजची उजळणी दीडशे-दोनशेच्या घरात जाते. एका कार्डाला आठ-दहा सेकंद धरले तर पंचवीस-तीस मिनिटं झाली. हे पेलतं. रोज साठ घेतलीत तर दीड तास, आणि टर्मिनल परीक्षेच्या आठवड्यात एक दिवस खाडा झाला की डोंगर उभा. एआयचं कार्ड हाती येताना फुकट वाटतं, हप्ते पुढे वर्षभर भरावे लागतात.

हाच हिशेब तयार डेकलाही लावा. तीस हजार कार्डं, रोज वीस, म्हणजे दीड हजार दिवस. चार वर्षांहून जास्त, एकही सुट्टी न घेता. म्हणून तो डेक अख्खा सुरू करायचाच नसतो. उतरवल्यावर सगळी कार्डं 'सस्पेंड' करायची, म्हणजे तात्पुरती बंद ठेवायची, आणि आज जे शिकलो त्याच टॅगची कार्डं उघडायची. फर्स्ट इयरला हे मला कोणी सांगितलं नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर दोन हजारांवर कार्डं साचली आणि मी सहा महिने अँकी उघडलं नाही.

स्वतःच्या कार्डांना वेळ लागतो खरा, पण तो दीड तास म्हणजे अभ्यासच आहे. काय घ्यायचं, काय सोडायचं, दोन औषधांत फरक नक्की कोणता, हे ठरवल्याशिवाय प्रश्न लिहिताच येत नाही. आपण स्वतः तयार केलेली गोष्ट नुसत्या वाचलेल्यापेक्षा जास्त लक्षात राहते, हे मानसशास्त्रात १९७८ पासून प्रयोगांनी दाखवलेलं आहे. एआयला ही निवड सोपवली तर वाचतो तो नेमका हाच भाग.

ॲड्रिनॅलिनचा डोस किती?

एआयने काढलेल्या एका कार्डावर हा प्रश्न होता, एवढाच. उत्तर लिहिलं होतं '१ मिलिग्रॅम'. आता बघा. हृदय बंद पडलेल्या प्रौढाला १ मिलिग्रॅम शिरेतून, हे बरोबर. ॲनाफिलॅक्सिस (जिवावर बेतणारी ॲलर्जी) झालेल्या प्रौढाला ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या स्नायूत. तो १ मिलिग्रॅम कोणी पाठांतराच्या ओघात ॲलर्जीच्या रुग्णाला, ज्याचं हृदय नीट चाललंय, शिरेतून दिला तर काय होईल हे लिहायलाही नको वाटतं. कार्डातला प्रत्येक शब्द खरा होता आणि तरी कार्ड धोकादायक होतं, कारण प्रश्नातून आजार आणि मार्ग गळाला होता. तयार डेकमध्ये अशी कार्डं विरळ सापडतात, इतक्या जणांनी सुधारल्यामुळे. स्वतः लिहिताना होतात, पण लिहिणाऱ्याला निदान संदर्भ आठवत असतो. एआयच्या कार्डाला तो संदर्भ मागे नसतो.

म्हणून डोसच्या कार्डावर आजार, वय आणि मार्ग प्रश्नातच हवा. ही अट एआयलाही घालता येते, आणि घातली की फरक पडतो. मी आता असं लिहिते: फक्त दिलेल्या मजकुरातलंच घे, जिथे माहिती अपुरी आहे तिथे स्वतः भरू नको, मला विचार, एका कार्डात एकच गोष्ट, पंधरापेक्षा जास्त कार्डं नकोत. आलेली कार्डं 'कच्चा' नावाच्या वेगळ्या डेकमध्ये जातात. पुस्तकाशी ताडून पाहिल्याशिवाय एकही मुख्य डेकमध्ये जात नाही.

एक गोष्ट कधीच करू नका. रुग्णाच्या केसपेपरचा फोटो एआयला देऊ नका. नाव, वय, गाव, आजार, सगळं त्यावर असतं आणि ते आपलं नसतं.

जिथे तुमची कार्डंच हवीत

रुग्णाचे शब्द. ऑल इंडिया कोट्यातून आलेल्या माझ्या रूममेटला हे फार जड गेलं, पण मुंबई-पुण्यातल्या इंग्रजी शाळांतून आलेल्या मराठी मुलांचंही तेच होतं. 'अंगावरून पांढरं जातंय' म्हणाली तर बाई स्त्रीरोगाच्या तक्रारीबद्दल बोलतेय. 'अंगावरून वारं गेलं' म्हटलं तर तो पक्षाघात. दम लागणं, घेरी येणं, बेडका पडणं, पोटात मुरडा येणं. माझ्या रूममेटने शंभरेक शब्दांचा डेक केला, वॉर्डातल्या सिस्टर आणि मावशींना विचारून. एआयकडे असे शब्द मागितले तर पुस्तकी मराठी मिळते, आणि 'कफोत्सर्जन' म्हणून विचारलेलं आजोबांना कळत नाही.

ॲनाटॉमीची चित्रंही स्वतःच झाका. अँकीत आता इमेज ऑक्लुजन आहे, आकृतीवरची नावं चौकटीने झाकायची आणि ओळखायची. ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं, यासाठी याहून चांगलं काही मला सापडलेलं नाही.

लाँग आन्सर आणि व्हायवा (तोंडी परीक्षा) मात्र या तिन्हींपैकी कशानेही सुटत नाहीत. कार्ड तुकडा देतं, मांडणी देत नाही. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, समोर बसलेले असताना सलग तीन मिनिटं बोलता येण्यासाठी मित्रासमोर मोठ्याने बोलावंच लागतं, आणि प्लीहा हाताला लागायला रुग्णाच्या पोटावर हात ठेवावा लागतो.

मग कोणी काय घ्यावं

फर्स्ट इयरला असाल तर फिजिओलॉजी आणि बायोकेमिस्ट्रीला टॅग पाहून अमेरिकन डेक, ॲनाटॉमीला स्वतःची चित्रं. शरीर तिकडचं आणि इकडचं सारखंच आहे. एआय या वर्षी नको. काय महत्त्वाचं हे अजून कळत नसतं, त्यामुळे त्याची चूक पकडताही येत नाही.

सेकंड इयरला पॅथॉलॉजी आणि औषधं कशी काम करतात यासाठी तयार डेक. अँकिंगमध्ये पॅरासिटामॉल आणि सालब्युटामॉल वेगळ्या अमेरिकन नावांनी येतात, तेवढं बदलून घ्या. वेळापत्रकं, डोस आणि राष्ट्रीय कार्यक्रम स्वतःच्या हाताने. पीएसएम तर पूर्ण स्वतःच.

एआय मला सगळ्यात उपयोगी पडलं ते नीट-पीजीच्या, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या प्रवेश परीक्षेच्या, तयारीत. तिथे २०० प्रश्न साडेतीन तासांत, चुकलेल्याला एक गुण वजा. सराव परीक्षेत चुकलेले प्रश्न आणि त्यांची स्पष्टीकरणं त्याला द्यायची आणि प्रत्येकाचं एक कार्ड मागायचं. निवड तुमच्या चुकांनी आधीच केलेली असते, माहिती समोर असते, राहतं ते फक्त टायपिंग. ते काम ते छान करतं.

पैशाचं थोडक्यात: अँकी संगणकावर आणि अँड्रॉइडवर मोफत. आयफोनच्या ॲपला एकदाच पैसे लागतात, अमेरिकेत २४.९९ डॉलर, पण ब्राउझरमधून अँकीवेब मोफत चालतं. एआयची मोफत आवृत्ती दिवसाला पंधरा कार्डांना पुरते.

आणि परीक्षा पंधरा दिवसांवर असेल तर आत्ता यातलं काहीच सुरू करू नका. दिवसांचं अंतर ठेवून उजळणी करायला दिवस तरी हवेत. जुन्या प्रश्नपत्रिका सोडवा, उत्तरं मोठ्याने म्हणा, जिथे अडलात ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहीत जा. पेपर संपल्यावर ते पान घेऊन बसा. पहिली वीस कार्डं त्यावरच आहेत.